कपाळावरचा ‘दे’

लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग लाँड्रीवाल्या काकूंनी घ्यावा, हे फादरांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. वर्ग घेणाऱ्या सिस्टरांचा आवाज गेला होता. साधा बसला नव्हता, पार गेलाच होता, आणि तो परत येईपर्यंत तोंडातून ‘ब्र’ काढायचा नाही अशी डॉक्टरांनी त्यांना तंबी दिली होती. फादर आपले धुतलेले झगे न्यायला लाँड्रीत आले होते. काकू एकेक झगा उलगडून डाग राहिला नाही ना ते दाखवत होत्या, तेवढ्यात फादरांनी विषय काढला.

“काकू, रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर तासभर मोकळ्या आहात का?”

“का हो? वेदीवरची कापडं धुवायला आलीत का?”

“नाही, मुलांना शिकवायचंय.”

काकूंनी हातातला झगा काउंटरवर ठेवला. “कुणी? मी? फादर, मला मेणाचा डाग कसा काढायचा ते विचारा, चहाचा विचारा. मुलांमधलं मला काडीचं कळत नाही.”

“सोपं आहे हो. पुस्तक आहे, त्यात प्रश्न आहेत, खाली उत्तरं आहेत. पहिलाच धडा आहे. आपण देवाचे आहोत, एवढंच त्यांच्या मनात उतरवायचं.”

“एवढंच म्हणे!”

मागे वाफेच्या ढगात काका इस्त्री करत उभे होते. काका दिवसभरात बोलत ते बेताचंच, पण बोलले की नेमके नको तिथे. “हिला जमेल, फादर,” ते ढगातून म्हणाले. “लग्न झाल्यापासून मला शिकवतेय. मी शिकलो नाही, त्याला ती काय करणार?”

काकूंनी नवऱ्याकडे वळून डोळे वटारले, आणि तेवढ्यात फादर झगे खांद्यावर टाकून रस्त्याला लागलेही. नाही म्हणायला समोर माणूसच उरला नाही.

रविवारी काकू चर्चशेजारच्या खोलीत शिरल्या. बुटके बाक, कोपरा उडालेला फळा, आणि बाकांवर क्षणभर स्थिर न राहणारी पोरं. सिस्टर अगदी मागच्या बाकावर गळ्याला मफलर गुंडाळून बसल्या होत्या. डॉक्टरांनी जिभेला बंदी केली होती, भुवयांना नाही, आणि सिस्टरांच्या भुवया त्यांच्या जिभेपेक्षा स्पष्ट बोलत.

काकूंनी पुस्तक उघडलं. “तुम्हाला कोणी निर्माण केलं?”

“दे-वा-नं!” खोली दणाणली.

“शाबास. मग तुम्ही कोणाचे?”

इथे गाडी अडली. एकजण म्हणाला, पप्पांचा. एक मुलगी म्हणाली की ती आजीची आहे, कारण आई रोज आजीला म्हणते, ‘सांभाळा तुमच्या नातीला.’ पुढच्या बाकावरच्या दात पडलेल्या मुलाने बराच विचार केला आणि म्हणाला, “आम्ही भाड्याचे.”

“भाड्याचे?”

“हो. घरमालक दारात येऊन तसंच म्हणाले. ‘भाड्याचे आहात हे विसरू नका.’”

सिस्टरांच्या भुवया जाऊन केसांना टेकल्या.

काकूंनी घाईघाईने पुस्तकातलं उत्तर वाचून दाखवलं. त्यात ‘सृष्टिकर्ता’, ‘अंकित’ आणि ‘अविनाशी’ असे शब्द एकामागून एक आले. मुलं खिडकीबाहेर बघायला लागली, आणि दात पडलेला मुलगा शेजाऱ्याच्या दप्तराचा पट्टा चघळायला लागला. काकूंनी पुस्तक मिटलं.

“बरं, हे राहू दे. माझ्या लाँड्रीत रोज ढीगभर शर्ट येतात. सगळे पांढरे, सगळे सारखे. मग तुझ्या पप्पांचा शर्ट ह्याच्या पप्पांना का जात नाही?”

मुलांच्या माना वळल्या. यात दम होता.

काकूंनी खिशातून खुणेचं पेन काढलं. “कारण प्रत्येक घराची एक खूण असते. ती मी कॉलरच्या आत या शाईनं घालते. सोड्यात उकळा, उन्हात वाळवा, ही शाई जात म्हणून जात नाही. शर्ट मळू दे, फाटू दे, भलत्याच्या गाठोड्यात जाऊ दे, खूण बघितली की मी डोळे झाकून सांगते, हा अमक्यांकडचा. तशी देवानं बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला खूण केलीय. आपण कितीही मळलो तरी त्याचेच.”

खूण बघितल्यावर डोळे झाकून कसं सांगतात, असं विचारायचंही कुणाला सुचलं नाही. काकूंना मग चेवच चढला. पिशवीतल्या पांढऱ्या फितीचे तुकडे करून त्यांनी प्रत्येकावर ठसठशीत ‘दे’ लिहिला. “दे म्हणजे देवाचा. मुलगी असेल तर देवाची. दोघांना एकच अक्षर, शाईसुद्धा वाचते,” असं म्हणत त्यांनी एकेकाच्या कॉलरच्या आत फीत सेफ्टी पिनने लावून दिली. मुलं एकमेकांच्या कॉलरी उलटून बघायला लागली.

शेवटी उरली बटण. ही सहा वर्षांची, गोल चेहऱ्याची, गोल डोळ्यांची मुलगी. खरं नाव फक्त शाळेत घेत. आते-मावस बहिणींचे उतरलेले फ्रॉक घालत ती मोठी होत होती, त्यामुळे काकूंनी कॉलर उलटली तर आत एक खूण मावशीच्या घरची आणि तिच्या शेजारी दुसरी आत्याच्या घरची.

“काकू, मग मी मावशीची का आत्याची?”

“तू देवाची,” काकू म्हणाल्या आणि दोन्ही खुणांवर फीत लावून मोकळ्या झाल्या.

बटणचं समाधान झालं नाही. “एखाद्याची खूण गेली तर?”

“जात नाही गं ती.”

“पण खूप खूप धुऊन गेलीच तर?”

काकूंनी इथे थांबायला हवं होतं. पण धंद्यातली गोष्ट तोंडातून निघून गेली. “मग ते कापड कोपऱ्यात पडून राहतं. कुणीच न्यायला आलं नाही, की शेवटी त्याचं फडकं होतं.”

बटणचे डोळे आणखी गोल झाले. तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं धूम पळाली. काकू रस्ताभर स्वतःवर खूश होत्या. घरी येऊन खिसा चाचपला, तर पेन नाही.

“तुम्ही घेतलंत का हो?”

“मी काय पेनानं इस्त्री करतो?” काका म्हणाले.

सोमवारी सकाळी लाँड्रीचं शटर अर्धं वर गेलं होतं, तोच डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस वाकून आत शिरला. काकूंनी ओळखलं. बटणचे वडील, म्हणजे पाटीसाहेब. शहरातल्या कुठल्या दुकानावर कुठली पाटी लागावी, ती किती लांब असावी, किती रुंद, याचे परवाने त्यांच्या सहीने निघत. माणूस इतका सरळ की कामासाठी आलेल्या माणसाचा चहासुद्धा घेत नसे. स्वतःचा थर्मास टेबलावर घेऊन बसे.

“हे तुमचं धर्मशिक्षण?” पाटीसाहेबांनी टॉवेल काढला.

त्यांचं कपाळ मुळातच प्रशस्त, त्यात केस मागे हटत हटत ते डोक्याच्या मध्यापर्यंत पोचलेलं. त्या ऐसपैस जागेत काळ्याभोर शाईत ‘दे’ लिहिलेला होता. वरची मात्रा तर थेट टाळूवर गेली होती.

“काल दुपारी जेवून जरा पडलो होतो. उठलो तर बायको हसतेय. वाटलं, स्वभाव सुधारला. मग आरशात बघितलं!”

काकूंचे हात आपोआप कामाला लागले. लिंबू चोळून झालं, मीठ झालं, स्पिरिट झालं, खास शाईसाठी ठेवलेली पावडरही झाली. कपाळ लालबुंद झालं आणि त्या लाल रंगावर ‘दे’ आधीपेक्षा उठून दिसायला लागला.

“शाई काय चांगली आहे हो!” काकूंच्या तोंडून अभिमानाने निघून गेलं.

“बाई!” पाटीसाहेब ओरडले.

“जरा कोमट इस्त्री फिरवली तर...” काकांनी सुचवलं.

“खबरदार जवळ आलात तर!”

शेवटी काकांनी खुंटीवरची आपली लोकरी टोपी काढून दिली. ती भुवयांपर्यंत ओढून पाटीसाहेब कचेरीत गेले.

पुढचं सगळं कचेरीतल्या शिपायाकडून कळलं. तो संध्याकाळी आपला युनिफॉर्म टाकायला आला, तो काउंटरवर डोकं ठेवून हसतच बसला. काकूंनी पाणी दिलं तेव्हा कुठे बोलता झाला.

झालं होतं असं, की दुपारपर्यंत टोपीने साहेबांना घाम फोडला. साहेबांनी घाम पुसायला क्षणभर टोपी काढली, आणि नेमका त्याच क्षणी एक मिठाईवाला आत आला. हा मिठाईवाला पाटीच्या परवान्यासाठी कधीचा खेटे घालत होता. त्याने साहेबांच्या कपाळाकडे बघितलं, दार लावून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, “साहेब, एवढं उघड लिहायची काय गरज होती? नुसता इशारा केला असतात तरी समजलो असतो.”

“अहो, तसं नाही. हे देवाचं आहे!”

“हो साहेब. मीसुद्धा देवाच्या नावानंच देतोय,” म्हणून त्याने पाकीट काढलं.

साहेबांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं, पण टोपी आतच राहिली. बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ते कपाळ वाचलं. कुजबुज सुरू झाली. साहेब इतके दिवस चहा का घेत नव्हते त्याचा उलगडा झाला म्हणे, साहेबांची भूक मोठी होती. एकाने फळांची करंडी पाठवली. शेवटी बड्या साहेबांनी बोलावून घेतलं, खूप वेळ निरखून बघितलं आणि विचारलं, “शहरभर पाट्यांना परवाने देता. ही लावताना घेतला होता का?”

शिपाई पुन्हा काउंटरवर आडवा झाला. काका तर वाफेच्या ढगात तोंड लपवून गदगदत होते. काकूंना मात्र हसू येईना. आपण मुलांना देव शिकवायला गेलो आणि एका सरळ माणसाच्या अब्रूचं पार फडकं करून टाकलं, हे त्यांच्या मनातून जाईना. शटर ओढून त्या तडक फादरांकडे निघाल्या.

फादरांच्या बैठकीच्या खोलीत पाटीसाहेब आधीच पोचले होते. टोपी गुडघ्यावर, कपाळ उघडं, आणि शेजारच्या खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसलेली बटण. फादर रुमालात तोंड खुपसून खोकत होते. खोकला खरा नव्हता, हे काकूंना दारातूनच कळलं.

“या, काकू. आम्ही आत्ता तिला विचारतच होतो. बटण बाळा, पप्पांच्या कपाळावर का लिहिलंस?”

बटणने फ्रॉकच्या खिशातून खुणेचं पेन काढून मुकाट्याने टेबलावर ठेवलं. मग ती काकूंकडे बघत म्हणाली, “पप्पा कधीच चर्चमध्ये येत नाहीत. त्यांची खूण धुऊन गेली असणार. मग देव म्हणेल, हे कुणाचे माहीत नाही. मग ते कोपऱ्यात पडून राहतील.” तिने वडिलांची बाही मुठीत धरली. “मग त्यांचं फडकं होईल.”

फादरांचा खोकला जागच्या जागी थांबला. पाटीसाहेब भांडायची तयारी करून आले होते. मुद्दे पाठ होते, एक बोटही वर गेलं होतं. ते बोट तसंच हवेत राहिलं आणि मग हळूच खाली आलं.

“कॉलरच्या आत का नाही लिहिलंस?” काकूंनी विचारलं.

“पप्पा दुपारी शर्ट काढून झोपतात.”

फादर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. “हे बघ, कपड्यानं दुसऱ्या कपड्यावर खूण करायची नसते. ते काम मालकाचं. आणि देवानं पप्पांना केलेली खूण कुठे गेलेली नाही. आत आहे ती.”

“मला दाखवा.”

“अगं, कॉलरच्या आतली खूण तरी कुठे दिसते?”

“काकू कॉलर उलटून बघतात.”

फादरांनी काकूंकडे बघितलं. काकूंचे गुडघे दुखत, तरी त्या फरशीवर बसल्या, बटणच्या डोळ्यांना डोळे लागतील अशा. “माणसाची कॉलर मला उलटता येत नाही गं,” त्या म्हणाल्या. “फादरांनाही नाही. देवाला येते, आणि तो ती उलटून बघतो. आणि ते फडक्याचं मी चुकीचं बोलले. ते माझ्या लाँड्रीत होतं. मला दुकान बंद करून घरी जायचं असतं, मी कुणाकुणाला शोधत बसू? देव दुकान बंद करत नाही. कोपऱ्यात पडलेल्यालाही तो हुडकून काढतो आणि घरी नेतो. त्याच्याकडे कुणाचंच फडकं होत नाही.”

“कुणाचंच?”

“कुणाचंच.”

बटणने ते नीट चघळून बघितलं. मग वळून तिने वडिलांना सरळच विचारलं, “मग तुम्ही चर्चमध्ये का येत नाही?”

आता पाटीसाहेब टोपीशी चाळा करायला लागले. कचेरीत मोठमोठ्या दुकानदारांना घाम फोडणारा माणूस, पण पोरीसमोर मान खाली गेली. “गायनामुळे,” ते पुटपुटले.

“कशामुळे?” फादरांनी विचारलं.

“मला स्तोत्रं गायला आवडायची, फादर. जोरात गायचो. एकदा तुमच्या आधीच्या फादरांच्या वेळचे गायनमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘साहेब, तुम्ही मनातल्या मनात गा.’ लोक हसले. म्हटलं, मनातल्या मनातच गायचं तर ते घरीही गाता येतं. आणि घरी बसलो की झोप लागते.”

“ते मास्तर कधीचेच गेले दुसरीकडे,” फादर म्हणाले. “आत्ताच्या मास्तरांना एका कानानं ऐकू येत नाही. तुम्ही त्या बाजूला उभे राहा.”

पाटीसाहेबांनी नजर वर केली. फादर थट्टा करताहेत की खरं सांगताहेत, हे त्यांना कळेना. मग ते स्वतःच फिस्सकन हसले, आणि त्यांचं हसू बघून काकूंच्या छातीवरचं ओझं उतरलं.

पुढच्या रविवारी पाटीसाहेब मिस्साला आले. चर्चमध्ये टोपी काढावीच लागते. तोवर ‘दे’ काळ्याचा राखाडी झाला होता, पण तिसऱ्या बाकावरूनही सहज वाचता येई. लोकांनी एकमेकांना कोपरं मारली. पाटीसाहेबांनी मात्र मास्तरांच्या बहिऱ्या कानाची बाजू बघून जागा धरली, आणि पहिलं स्तोत्र सुरू होताच छाती भरून गायले. सूर कुठल्या कुठे गेला. दोन बाळं रडायला लागली. शेजारी बटण बाकावर उभी राहून वडिलांपेक्षा जोरात आणि त्यांच्यापेक्षा बेसूर गात होती, तेव्हा दोष कुणाकडून आला ते सगळ्यांना कळलं.

दानाची पिशवी फिरवायची वेळ आली, तेव्हा फादरांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी पिशवी पाटीसाहेबांच्याच हातात दिली. पाटीसाहेब क्षणभर बिचकले. मग पिशवी घेऊन ते निमूटपणे बाकाबाकासमोर उभे राहिले, एक शब्द न बोलता. बोलायची गरजच नव्हती. लोक कपाळाकडे बघत, हसत आणि पुन्हा एकदा खिशात हात घालत. इतकी जड पिशवी त्या चर्चमध्ये बऱ्याच दिवसांत फिरली नव्हती. पिशवी वेदीपाशी ठेवून परतताना पाटीसाहेबांची मान ताठ होती. इतकं उघडउघड घेऊनही कुणाचं काही खाल्लं नाही, याचं त्यांना मनापासून बरं वाटत असावं.

मिस्सा संपल्यावर काकू वर्गाकडे निघाल्या. सिस्टरांचा आवाज परत आल्याचं सकाळीच कळलं होतं, म्हणून पुस्तक त्यांच्या हवाली करून सुटायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण सिस्टर मागच्या बाकावर ठाण मांडून बसल्या होत्या. काकूंनी पुस्तक पुढे केलं, तर त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “मी इथे बरी आहे. इतकी वर्षं शिकवलं, असली मजा कधी आली नाही.”

काकूंनी हात टेकले आणि फळ्यासमोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात दारातून बटण आत आली. तिने वडिलांचं बोट घट्ट धरलं होतं आणि ते सोडायला ती तयार नव्हती. पाटीसाहेबांनी दारातून दोनदा निसटायचा प्रयत्न केला, मग हार मानून त्या बुटक्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. दात पडलेला मुलगा सरकला आणि त्याने त्यांना जागा करून दिली.

“बरं,” काकू म्हणाल्या, “आज दुसरा धडा. देव कुठे आहे, कोण सांगेल?”

सगळ्यात आधी पाटीसाहेबांचा हात वर गेला.

“तुम्ही नाही,” काकू म्हणाल्या. “आधी मुलांना बोलू द्या.”